कमी उजेडाची झाडं

आमच्या घरातल्या कालनिर्णयवर दोन हिशेब असायचे. आई दुधाचा लिहायची, निळ्या पेनाने. बाबा उन्हाचा लिहायचे, पेन्सिलीने. '९.१० ते ११.४०' असं काहीतरी, त्या दिवसाच्या चौकोनाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे पुढच्या खोलीच्या खिडकीतून ऊन सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आत आलं आणि अकरा-चाळीसला बाहेर गेलं. ढगाळ दिवशी नुसती आडवी रेघ. जून ते सप्टेंबर रेघांचीच पानं.

बाबा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. डोंबिवलीतला हा तळमजल्याचा फ्लॅट त्यांनी १९९१ साली घेतला, तेव्हा खिडकीवर छज्जा किती पुढे काढायचा हे ठरवायला म्हणून त्यांनी वर्षभर उन्हाच्या वेळा टिपल्या. छज्जा झाला, टिपणं थांबली नाहीत. जुनी कॅलेंडरं रद्दीत द्यायची नाहीत, असा घरात नियम होता. ती सगळी दोरीने बांधून माळ्यावर ठेवलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा ऊन लिहितात.

२०१७ साली समोरचा बैठा बंगला पडला आणि तिथे बावीस मजली टॉवर उभा राहायला लागला. कॅलेंडरवर तो टॉवर मजल्यामजल्याने चढताना दिसतो. आधी ९.१०चे ९.४० झाले. मग १०.१५. मग '१०.५० ते ११.२०, फक्त कठड्यावर'. २०१९च्या दिवाळीनंतरच्या एका चौकोनात '११.०५ ते ११.१२' असं लिहिलंय. त्याच्यापुढे काही नाही. ढगाळ दिवसाची आडवी रेघसुद्धा नाही.

त्या वर्षी आमच्या तीन तुळशी गेल्या. एक गेली की आई दुसरी आणायची. ती आधी उंच व्हायची, मग खालची पानं टाकायची, मग नुसत्या काड्या. दिवसा ट्यूबलाइट लावायची सवय झाली. पावसाळ्यात कपड्यांना येणारा वास हिवाळ्यातही यायला लागला.

बाबा त्याच सुमाराला रिटायर झाले होते. टॉवरचा पाया खणत होते तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते एकदा बोलले होते. १८८२चा इझमेंट अ‍ॅक्ट आहे, त्याचं १५वं कलम आहे. एखाद्या इमारतीला वीस वर्षं विनाअडथळा उजेड मिळत आला असेल, तर त्या उजेडावर तिचा हक्क तयार होतो. तो हक्क बजावायला वेळेत कोर्टात जावं लागतं आणि आपलं भरीव नुकसान होतंय हे दाखवावं लागतं. 'माझ्याकडे पंचवीस वर्षांच्या नोंदी आहेत,' असं ते म्हणाले. लोक हसले नाहीत, पण पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. बिल्डरशी कोण भांडणार, वकिलाचे पैसे कोण देणार, वरच्या मजल्यांना तर ऊन येतंच आहे. बाबा खाली बसले आणि नंतर कधी त्यावर बोलले नाहीत. मीही नाही. मला तेव्हा नवी नोकरी लागली होती.

पुढची दोन वर्षं बाबा त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. खिडकीतून टॉवरच्या पार्किंगची जाळी दिसायची. मी त्यांना हलवायचा प्रयत्न करत राहिले. मॉर्निंग वॉकचा ग्रुप, ऑनलाइन योगा, सुडोकूचं पुस्तक. स्मार्टफोनवर पेटी शिकवणारं एक अ‍ॅपसुद्धा मी पैसे भरून घेतलं होतं. ते प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणायचे आणि आठवड्याभरात ती गोष्ट गळून पडायची.

२०२१च्या मार्चमध्ये मी फिश टँक आणला, तो याच मालिकेतला पुढचा प्रयोग म्हणून.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर छप्पन लिटर पाणी. खाली बारीक रेती, एक फिल्टर, सहा गप्पी. आणि प्लास्टिकची नाहीत, खरी झाडं हवीत, असा माझा हट्ट. त्या खोलीत काहीतरी हिरवं जगलेलं मला बघायचं होतं.

पहिल्याच खरेदीत फसले. दुकानातल्या पाण्यात लाल-हिरव्या पट्ट्यांचं एक देखणं झाड उभं होतं, ते उचललं. ते पाण्यातलं झाडच नव्हतं. ड्रेसिना होता, कुंडीत वाढणारा. असली झाडं पाण्यात बुडवून सर्रास विकतात. तीन-चार आठवडे ती तशीच दिसतात आणि मग बुडापासून कुजायला लागतात. तुम्ही कधी टँकसाठी झाड घ्यायला गेलात, तर ते पाण्याबाहेर काढून बघा. पाण्यात मुरलेली बरीचशी झाडं बाहेर काढली की ओल्या फडक्यासारखी लोळतात. पानं ताठ आणि मेणचट असतील, तर विकणाऱ्याला नाव विचारा आणि घरी येऊन ते नाव शोधा.

दुसऱ्या खेपेला खरी पाणझाडं आणली, पण सगळी लाल आणि गुलाबी. रोटाला, लुडविजिया. इंटरनेटवरच्या फोटोंत ती फार सुंदर दिसतात. आमच्याकडे महिन्याभरात त्यांचा लाल रंग गेला, दोन पानांमधलं अंतर वाढलं, शेंडे पाण्याच्या वर डोकं काढायला धावले आणि खालची पानं एकेक करून गळून रेतीवर पडली. आईने एक दिवस भांडी पुसता पुसता बघितलं आणि म्हणाली, "ही तुळशीसारखीच चाललीत."

ते अगदी खरं होतं. झाड चोवीस तास श्वास घेतं, म्हणजे त्याचा खर्च चोवीस तास चालू असतो. कमाई मात्र उजेडातच होते. यान इंगेनहाऊझ या डच डॉक्टरने १७७९ साली पाण्यात बुडवलेल्या पानांवर हे दाखवून दिलं होतं. उन्हात पानांवरून बुडबुडे सुटतात, अंधारात थांबतात. प्रत्येक झाडासाठी उजेडाची एक पातळी असते, जिथे कमाई आणि खर्च सारखा होतो. त्याच्या खाली गेलं की झाड साठवणीतलं खायला लागतं. सगळा जोर शेंड्यात घालायचा, वर उजेड असेल या आशेने उंच व्हायचं आणि खालच्या पानांचा खर्च बंद करायचा. आपल्याला वाटतं झाड वाढतंय. खरं तर ते शिल्लक मोडत असतं.

यावर मी केलं ते बहुतेक सगळेच करतात. लाइट बदलला. दहा वॅटची एलईडी काढून चोवीस वॅटची लावली आणि दिवसाला बारा तास चालू ठेवली. त्यात खताची बाटली आणली आणि झाकणावर लिहिलंय त्याच्या दुप्पट घातलं. पंधरा दिवसांत काच हिरवी झाली. महिन्याभरात झाडांच्या काड्यांवर काळ्या दाढीसारखं शेवाळ लोंबायला लागलं, पाण्यावर तवंग आला. दोन गप्पी मेले. मी काच घासायची, पाणी बदलायची, दोन दिवसांनी परत तेच.

शेवटी मी एक काडी पिशवीत घालून दुकानदाराकडे गेले. साठीचा माणूस, स्टेशनजवळच्या गल्लीत छोटंसं दुकान. त्याने काडी उजेडात धरली आणि विचारलं, "लाइट वाढवलात ना?"

"हो. उजेड कमी पडत होता."

"लाइट वाढवला की झाडाची भूक वाढते, ताई. मग जेवण कुठाय?"

मी खताचं सांगितलं. त्याने मान हलवली. झाडाला नुसतं खत पुरत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि पाण्यात तो पानापर्यंत पोचायला फार वेळ घेतो. हवेत वायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी हळू तो पाण्यात पसरतो, हे मी नंतर वाचलं. म्हणून भारी लाइट लावणारे लोक सिलिंडरमधून वायू सोडतात. तो न सोडता नुसता उजेड ओतला, तर झाड अडून बसतं आणि शेवाळाचं फावतं, कारण त्याच्या गरजाच थोड्या.

"आधी लाइट कमी करा," तो म्हणाला. "सहा तास. मग त्या उजेडात जगणारी झाडं न्या."

मला ते पटायला जड गेलं. कमी उजेड हाच आमचा प्रश्न होता आणि हा माणूस उजेड आणखी कमी करायला सांगत होता. पण दहा वॅटची जुनी पट्टी परत लावली, तिला टायमर जोडला. दुपारी चार ते रात्री दहा, कारण घरातले सगळे त्याच वेळी खोलीत असतात. झाडांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही, तास कळतात. आईने लगेच विजेचा हिशेब केला. दहा वॅट, सहा तास, महिन्याला दोन युनिटसुद्धा नाहीत. तिने परवानगी दिली.

नवी झाडं दिसायला साधी होती. अन्युबिअस पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांमधलं, दाट सावलीतल्या ओढ्यांकाठचं. पानं जाड, गडद, चामड्यासारखी. त्याचं आडवं जाड खोड रेतीत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. काळ्या दोऱ्याने दगडाला बांधायचं, मुळं मग स्वतःच दगड धरतात. जावा फर्नचंही तसंच. त्याच्या पानांच्या मागे काळसर ठिपके येतात, ते बघून मी घाबरले होते, पण तो रोग नाही, नेच्याची बीजाणूंची पुंजकी असतात. जुन्या पानाच्या टोकाला छोटी छोटी पिल्लं फुटतात, ती वेगळी करून दुसऱ्या दगडाला बांधता येतात. आणि तिसरं झाड क्रिप्टोकोरीन. दुकानदार त्याला 'क्रिप' म्हणतो. हे मात्र रेतीत लावायचं आणि मुळाशी दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी खुपसायची.

ही सगळी सावलीची झाडं. पानं पसरट, त्यांच्यात हरितद्रव्य भरपूर, वाढ मंद. कमाई थोडी, पण खर्च त्याहून थोडा. अन्युबिअसला एक नवं पान यायला तीन-तीन आठवडे लागतात.

लावल्यावर पाचव्या दिवशी क्रिपची सगळी पानं वितळली. वितळली म्हणजे खरोखर वितळली. कडेने पारदर्शक झाली, मग शिजवलेल्या पालकासारखी लिबलिबीत. मी हात घालून ती उपटायला निघाले. तेवढ्यात खिडकीतल्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "राहू दे. मूळ ओढून बघ."

मी एक काडी हलकेच ओढली. घट्ट होती.

"मग राहू दे गो. पान गेलं म्हणून झाड जात नाही."

दोन वर्षांत त्यांनी आपण होऊन काही करायला सांगितलं, ते हे पहिलं. क्रिपची ही खोडच आहे, हे मला नंतर समजलं. नर्सरीत ती बऱ्याचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाणी बदललं, उजेड बदलला, नुसती जागा बदलली तरी ती जुनी पानं टाकून देते आणि नव्या जागेला जमतील अशी पानं मुळापासून काढते. त्या वेळात तिला हात लावायचा नाही. निम्मे लोक याच टप्प्यावर झाड मेलं समजून फेकून देतात. कुजलेली पानं तेवढी काढायची, आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब घालायचे आणि गप्प बसायचं.

एकविसाव्या दिवशी रेतीतून सुईएवढं तपकिरी टोक वर आलं. ते मला दिसलं नाही, बाबांना दिसलं. मी कामावरून उठले तेव्हा कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'क्रि. १ पान.' २०१९नंतर कॅलेंडरवर पेन्सिल पहिल्यांदाच उठली होती.

मग ते मागेच लागले. पाणी बदलल्याची तारीख, खताची गोळी, कुठलं पान पिवळं पडलं. जुनं पान पिवळं पडत असेल तर बहुतेक नत्र कमी आहे, नवं पानच फिकट येत असेल तर लोह, कारण नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं आणि लोह तसं हलवता येत नाही. हे मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे आधी कोण उपाशी राहतंय ते बघायचं."

क्रिपची दुसरी जात आणली, लांब रिबिनीसारख्या पानांची. ती पिशवीतून काढत असतानाच बाबा उठून आले.

"ह्यां आमच्या व्हाळात असता," ते म्हणाले.

बाबांचं गाव कुडाळजवळ. व्हाळ म्हणजे ओढा. व्हाळाच्या कडेला, झाडांच्या सावलीत असली पानं पावसाळ्यात पाण्याखाली लवत असायची आणि पाणी उतरलं की काठावर उघडी पडायची, असं ते सांगत होते. मी शोधलं, तर पश्चिम किनाऱ्याच्या ओढ्यांमध्ये क्रिपच्या काही जाती खरंच मूळच्या आहेत. नावाचा अर्थही सापडला. ग्रीकमध्ये 'क्रिप्टोस' म्हणजे लपलेलं आणि 'कोरीन' म्हणजे सोटा. अळवाच्या फुलात जो मधला दांडा असतो, तो हिच्यात नळीच्या तळाशी लपलेला असतो. कारण हे अळवाच्याच कुळातलं झाड आहे. सुरण, अळू, अन्युबिअस, क्रिप, सगळे भाऊबंद.

बाबांना याचा फार आनंद झाला. "अळवाचो भाऊ! मग जगतलोच." गावी अळू न्हाणीघराच्या मागे असायचं. तिथे ऊन कधी येत नसे, नुसतं सांडपाणी. तरी आजी तिथूनच पानं खुडून फतफतं करायची.

त्याच काळात त्यांनी माझ्या फोनवर उजेड मोजायचं अ‍ॅप घेतलं. दुपारी बारा वाजता, लाइट बंद असताना, टँकच्या जागी १८० लक्स. मग आम्ही गच्चीवर गेलो. तिथे आकडा ८० हजारांच्या पुढे गेला. बाबा कितीतरी वेळ फोनकडे बघत राहिले. डोळा फसवतो. बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो आणि चारशे पटींनी अंधारलेली खोली आपल्याला 'जरा काळोखी' वाटते. झाडाला असं सांभाळून घेता येत नाही. त्याला मिळतो तेवढाच उजेड मिळतो.

इथे एक सांगायला हवं. आमचा टँक आता देखणा झालाय. लोक येतात, हिरवीगार गर्दी बघतात आणि कुणी ना कुणी म्हणतंच, "बघा, कमी उजेडातही कसं जगता येतं." मला ते वाक्य सहन होत नाही. अन्युबिअस कमी उजेडात जगतं कारण त्याचे असंख्य पूर्वज जंगलाच्या तळाशी जगत आले. ते शहाणं नाही आणि सोशीकही नाही. तुळस मेली ती तिच्यात काही कमी होतं म्हणून नाही. तिला ऊन लागतं आणि ते कुणीतरी घेतलं. माझ्या आईवडिलांनाही ऊन लागतं. झाडाची जात बघून झाड निवडता येतं, घरात राहणारी माणसं तशी बदलून आणता येत नाहीत.

२०२३च्या पावसाळ्यात टँकमध्ये डकवीड आलं. कुठल्यातरी झाडाला चिकटून एक-दोन ठिपके आले असतील. हिरव्या मोहरीएवढी पानं, पाण्यावर तरंगणारी. उजेड सगळ्यात आधी त्यांना मिळतो आणि हवेतला वायू तर फुकटच. पंधरा दिवसांत पाण्याचा पृष्ठभाग दिसेनासा झाला आणि खालची क्रिप फिकट पडायला लागली. मग दर रविवारी बाबा चहाच्या गाळणीने ते उपसायचे. पाव भाग ठेवायचे, कारण ते पाण्यातली घाण शोषून घेतं आणि गप्पींची पिल्लं त्याच्या मुळांत लपतात.

मी त्यांना सांगितलं की हेसुद्धा अळवाच्याच कुळातलं आहे. ते गाळणी हातात धरून थांबले.

"वरचा पण भाऊ आणि खालचा पण भाऊ," ते म्हणाले, आणि परत उपसायला लागले.

२०२४मध्ये आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. तीन मजल्यांच्या जागी अठरा. आम्हाला नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार, दोन्ही बाजूंनी मोकळा. आईने तुळशीवृंदावन कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं. ब्रोशरमधल्या चित्रात बाल्कनीत ऊन पडलेलं होतं.

आमच्या मागे, उत्तरेला, चाळीस फुटांवर एक बैठी चाळ आहे. अकरा खोल्या. आमच्या इमारतीच्या आधीपासूनची.

संमतीपत्रावर सही करायच्या आदल्या रात्री बाबांनी माळ्यावरून ट्रेसिंग पेपरची जुनी गुंडाळी काढली. त्यांनी जे काढलं ते मला समजेल असं सांगितलं. डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास आपल्याकडे दुपारच्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. अठरा मजले म्हणजे धरू ५४ मीटर. सावली उत्तरेला पडणार सुमारे ५० मीटर लांब. चाळ बारा मीटरवर. मेच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी सावली पायाशीच. पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जेव्हा लोक खोलीत ऊन यावं म्हणून दार उघडून बसतात, तेव्हा चाळीच्या मधल्या सात खोल्यांना दिवसातला बराच वेळ ऊन नाही. त्यांनी खोल्यांना नंबर घालून प्रत्येकीपुढे तास लिहिले होते.

मीटिंगमध्ये त्यांनी तो कागद पुढे केला. इमारत दक्षिणेच्या हद्दीकडे सरकवून पार्किंग मागे घेता येईल का, एवढंच विचारलं. आर्किटेक्टच्या माणसाने कागदाचा फोटो काढला, म्हणाला, "बघू." कमिटीतल्या एकांनी समजावलं, "तुमच्या घरात पाच वर्षं अंधार आहे. आता तुम्हीच असं म्हणताय?"

बाबांनी सही केली. मी तिथेच होते. मला त्यांनी सही करायला हवी होती, हे मी इथे लपवत नाही. मला नववा मजला हवा आहे. आईचे गुडघे, भिंतीची ओल, माझी तळमजल्यावरची तीस वर्षं, सगळं मनात मोजून मी गप्प बसले.

चाळीतला एक सातवीतला मुलगा गेलं वर्षभर संध्याकाळी टँक बघायला येतो. खिडकीच्या गजांना नाक लावून उभा राहायचा, मग आत यायला लागला. गप्पींची पिल्लं मोजायचं काम त्याचं. गेल्या महिन्यात त्याच्या आईने त्याला मिठाईवाल्याकडची काचेची मोठी बरणी आणून दिली. बाबांनी त्याला झाडं द्यायचं कबूल केलं होतं.

क्रिप रेतीखालून धावती खोडं सोडते आणि थोड्या अंतरावर नवं रोप वर काढते. बाबांनी तशी चार रोपं कात्रीने सोडवली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली. जावा फर्नचं एक पिल्लू दगडाला बांधून दिलं. मी बघत होते आणि माझ्या लक्षात आलं, त्याला आपण नेमकी तीच झाडं देतोय जी आपली इमारत उभी राहिल्यावरही त्याच्या खोलीत जगतील.

बाबांनी त्याला सगळं समजावलं. खोड पुरायचं नाही. पानं वितळतील, घाबरायचं नाही, उपटायचं नाही. एक दिवसाआड मूळ ओढून बघायचा मोह होईल, तो करायचा नाही.

"आजोबा, खिडकीत ठेवू ना? आमच्याकडे ऊन येतं."

बाबा लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खिडकीत नको. थेट उन्हात पाणी तापतं, शेवाळ येतं. जरा आत ठेव."

मुलगा पुडकं घेऊन दारापर्यंत गेला, तेव्हा त्यांनी त्याला परत बोलावलं. भिंतीवरचं चालू महिन्याचं पान दाखवलं. मग कपाटातून दुकानदाराने फुकट दिलेलं एक जास्तीचं कॅलेंडर काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं.

"तुमच्या खोलीत ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, रोज लिहायचं. सुट्टी नाही. ढग असला तर रेघ मारायची."

"कशाला?"

"झाडांसाठी," बाबा म्हणाले. आणि थोडं थांबून, "आणि कॅलेंडर टाकायचं नाही. वर्ष संपलं तरी. चाळीत जुनं कोण आहे, तुझी आजी? तिला सांग, मी येऊन भेटतो. कायद्याचं थोडं बोलायचंय."

आई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही. टायमरने टक केलं, चार वाजले होते, टँकचा लाइट लागला.